पोटं भरण्याचं काम

दिवसाला सहा पोटं भरते मी,
तेव्हा कुठे घरातली तीन भरतात.
कापूस नव्हे, पॉलिएस्टरचा पिंजलेला ढग,
अपिंग्टनहून येतो पोत्यांतून, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी.
त्याच गाडीतून डोळे येतात.
हजार डोळ्यांची पिशवी,
हलवली की वाटाण्यांसारखी वाजते.

पाठ, पोट, दोन हात, शेपूट.
शेपटीत तार घालायची नाही, पोरांना टोचते;
म्हणून माझी एकही काडीशेपटी
आपल्या शेपटीच्या आधाराने उभी राहत नाही.
काडीशेपटी हे आमचं नाव.
गळ्यातल्या चिठ्ठीवर मीरकॅट छापतात.

यंदा केपटाउनच्या दुकानाने लिहिलं:
डोळ्यांभोवतीचं काळं कमी करा,
जनावर जागरण केल्यासारखं दिसतं.
नखं नकोत. तोंड जरा हसरं.

मी आपोलसला वाचून दाखवलं.
माझा भाऊ. रोज पहाटे तराजू घेऊन
बिळापाशी वाळूत बसतो,
उकडलेल्या अंड्याचा चुरा दाखवून
एकेकीला पारड्यात चढवतो
आणि संशोधकांच्या वहीत वजन मांडतो.
तो हसला नाही.
म्हणाला, खेसिना, उद्या चल.

जूनची पहाट. कुरुमानचं पात्र,
ज्यात पाणी मी जन्मात दोनदा पाहिलंय,
पांढरं पडलेलं. गवताची पाती काचेची.
बिळातून एक डोकं. मग दुसरं.
मग सगळीच वर आली
आणि पोटं उन्हाकडे करून उभी राहिली,
हात खाली सोडून,
पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसारखी,
कुणी कुणाशी न बोलता.

तेव्हा दिसलं.
पोटावर केस विरळ,
खालची कातडी काळी,
तव्याच्या बुडासारखी.
ऊन तिथून आत घेतात, आपोलस कुजबुजला.
वीस वर्षं मी त्याच जागी
पांढरं मऊ लावत आले.

एकीने विंचू आणला, नांगी तोडून,
पिल्लापुढे टाकला.
पिल्लू मागे सरकलं.
तिने विंचू पुन्हा पुढे लोटला.
पुन्हा.
पहिल्यांदा माझ्या हातात सुई देताना
आई अशीच गप्प होती.

थोरली जरा लांब बसली होती.
हनुवटीवर सुकलेलं काहीतरी लाल.
तिची लेक पारड्यात चढली:
काल सातशे नव्वद, आज सहाशे चाळीस.
पिल्लं कुठायत, मी विचारलं.
आपोलसने थोरलीकडे पाहिलं
आणि वहीत आकडा लिहिला, तेवढाच.

अंडं खाऊन लेक खाली उतरली,
बाभळीच्या खुंटावर चढली,
आणि डोळ्यांत तेल घालून
आभाळ राखत बसली,
सगळ्यांसाठी.
थोरलीसाठीही.

मला वाटलं होतं, घरी जाऊन
दुकानाला चार शब्द सुनवीन.
भाडं द्यायचं होतं.
डोळ्यांचं काळं कमी केलं.
नखं काढली.
हसू शिवलं, दोन टाक्यांचं,
फार काही लागत नाही त्याला.

फक्त बाबांच्या कोटाचं अस्तर होतं पेटीत,
काळं, कसरीने खाल्लेलं,
त्याचे बोटभर तुकडे कापले.
हल्ली प्रत्येकीच्या पोटात
पांढऱ्या केसांच्या आतून
एक तुकडा टाचते.
बाहेरून कळत नाही. हाताला लागत नाही.
कुठल्या तरी गावातलं एखादं आगाऊ पोर
कात्री घेऊन बसलं, तरच.

आपोलस म्हणतो, त्याने काय होणार?
काही नाही.

आज सहावी पूर्ण झाली ती उजाडता उजाडता.
रात्री दिवे गेले होते.
भिंतीला टेकवून खिडकीत उभी केली आहे,
पोट पूर्वेकडे.
गाडी यायला अजून तासभर आहे.
ऊन आत्ता कुठे टेकडीवर आलंय.
मी चहा ठेवते,
आणि अधूनमधून जाऊन
हात लावून बघते.